मुकी फळी

सोहेलचा पुण्याहून फोन आला की मी आधी विचारते, जेवलास का. तो म्हणतो, जेवलो. मग खरं काम निघतं. परवा निघालं ते असं, की त्याला घरच्या घरी जुन्या धाटणीचं व्हिडिओ गेमचं मशीन बनवायचंय. आत छोटा कॉम्प्युटर, समोर पडदा, आणि पडद्याखाली दांडा आणि बटणं बसवलेलं तिरपं पॅनेल. पॅनेल तो स्वतःच्या हातानं करणार. "फुप्पी, प्लाय घेऊ, एमडीएफ घेऊ, का सरळ अ‍ॅक्रिलिक? आणि वरचं चित्र छापून घेणार आहे, त्याला मॅट बरं का ग्लॉस?" मी मिरजेच्या शाळेत चित्रकलेची बाई होते, आता निवृत्त झाले, तेव्हा रंगाचं काही विचारायचं तर फुप्पीला विचारायचं एवढाच त्याचा हिशेब. हीच प्रश्नपत्रिका मी त्याच्या जन्माआधी सोडवलेली आहे आणि पहिल्या खेपेला सपशेल नापास झालेली आहे, हे त्याला कोण सांगणार? सांगायचं तर त्याच्या बापानं सांगायला हवं होतं. इरफान, माझा धाकटा भाऊ, बोलायचा कमी, आणि आता तो नाही. म्हणून हे माझ्याकडे आलं.

"मॅट घे," मी म्हटलं. "चकचकीतवर हाताचे ठसे दिसतात." बाकीचं फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

आमचं घर तंबोऱ्यांचं. मिरजेत आमच्या गल्लीत दारोदार हेच काम चालायचं. खाली कामाची खोली, तिच्यामागे एक चिंचोळी खोली, मग अंगण, आणि वर आम्ही. आढ्याला वाळलेले भोपळे टांगलेले असायचे. लहानपणी मी झोपताना त्यांच्याकडे बघत असे आणि प्रत्येकाचं तोंड कुणा ना कुणा नातेवाइकासारखं दिसे. सरस शिजायचा तो वास पाहुण्यांना सोसायचा नाही, आम्हाला त्याचं काही वाटत नसे. त्यावर लाखेच्या पॉलिशचा वास, स्पिरिटचा, नाकाच्या शेंड्याला झोंबणारा. अम्मीचं माहेर वडूजचं. तिकडच्या माळावर जे पिकतं ते तिच्या हातात होतं: बाजरी, हुलगा, मटकी. मिरजेच्या जावा बिर्याणीचे हंडे चढवायच्या आणि माझी अम्मी हुलग्याची शेंगोळी करायची, लसणाची फोडणी दिलेली, आणि अब्बा बाहेरून आले की जिन्यातच वास घेऊन म्हणायचे, "आज वडूज आलंय वाटतं घरात." घरात आम्ही आमची दखनी बोलायचो, पण कामाच्या खोलीत मराठी. लाकूड, कानस, गिऱ्हाईक, शेजारी सगळं मराठीतच होतं. मी इथं सगळ्यांचं बोलणं मराठीतच लिहिते, मला ते तसंच आठवतं.

आणि आवाज. सकाळी उठल्यापासून एकच सूर. तंबोरा तयार झाला की शेवटचं काम जवारीचं. तार घोडीवर जिथं टेकते, ती जागा अगदी हलक्या हातानं घासायची, तार छेडायची, ऐकायचं, परत घासायची. तार आधी कोरडी बोलते, मग एका क्षणी तिच्यातून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा भरलेला आवाज सुटतो. हा क्षण कानानंच पकडायचा असतो. अब्बांचा कान गल्लीत नावाजलेला होता, आणि तोच कान इरफानला आला होता. शाळेतून आला की दप्तर टाकायच्या आधी तो जिन्यातूनच ओरडायचा, "अब्बा, पंचम चढलाय." अब्बा हसायचे. पोराला शिकवायचं काही शिल्लकच नाही, असं ते चारचौघांत म्हणायचे. मला त्याचा हेवा वाटायचा. मुलींना भोपळ्यातल्या बिया काढणं, पॉलिशपेपरनं घासणं आणि फार तर वेलबुट्टीचा रंग भरणं, एवढंच काम मिळायचं.

मग इरफानला ताप आला. मेंदूत गेलेला ताप. मिरज हे दवाखान्यांचं गावच आहे, लांबलांबचे लोक इथं बरे व्हायला येतात, आणि डॉक्टरांनी त्याला वाचवलं, त्यांचे उपकार विसरणार नाही. पण तो घरी आला तेव्हा कान गेले होते. दोन्ही. अगदी पार. पहिले काही दिवस आम्हाला वाटलं, अशक्तपणा आहे. मग एका सकाळी अब्बांनी त्याच्या पाठीमागे तार छेडली आणि तो दुधात पाव बुडवत राहिला. अब्बांनी परत छेडली. मी अब्बांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला तिथून उठून जावंसं वाटलं.

त्यानंतर घरात एक विचित्र गोष्ट सुरू झाली. अब्बा जवारीचं काम मागच्या चिंचोळ्या खोलीत करू लागले, अंगणाकडचं दार लावून घेऊन. अंगणात इरफान बसलेला असायचा. अम्मी एकदा न राहवून बोललीच. "त्येला ऐकू येत न्हाई आन् तुमी दार लावून घेताय. कुणापासनं लपवता?"  पोरासमोर तार छेडायला अब्बांचा हात धजत नव्हता, हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त राग यायचा. इरफान काही विचारायला कामाच्या खोलीत शिरला की अब्बा त्याच्या हातात उगाच झाडू नाहीतर चहाची किटली द्यायचे. त्याच्या तोंडाकडे बघून, ओठ हलवून, नीट बोलायचं असतं तेसुद्धा ते करत नसत. ते त्याच्या खांद्याशी बोलायचे.

मग कुंडलचा विषय निघाला. कुंडलला अम्मीच्या चुलतभावाचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. पंक्चर काढायला कान लागत नाहीत. रमजान उलटला की इरफाननं तिकडं जायचं आणि तिथंच राहायचं, असं ठरलं. त्याला कुणी विचारलं नाही. अम्मीनं माळ्यावरून तिची लग्नातली ट्रंक काढली, पुसली, आणि त्याचे कपडे एकेक करून तिच्यात भरायला लागली. ट्रंक जिन्याच्या तोंडाशी ठेवलेली असे, वर-खाली करताना तिला वळसा घालून जावं लागायचं. इरफाननं माझ्याकडे एकदाच तोंड उघडलं. त्याचा आवाज कान गेल्यापासून सपाट आणि जरा मोठा झाला होता. "आपा, मला सायकली न्हाई करायच्या. मला हितंच बसायचंय." आणि त्यानं कामाच्या खोलीकडे बोट केलं.

घरात मन लागत नव्हतं म्हणून तो बस पकडून सांगलीला जायचा. एस.टी. स्टँडमागे नंदूभाऊ नावाच्या एका धडपड्या माणसाचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. काळोखी खोली, तीन-चार मशीनं, दारात सोड्याच्या बाटल्या. तिथं इरफानचं कानांवाचून काही अडत नव्हतं. नाणं टाकायचं आणि विमान उडवायचं. एका संध्याकाळी नंदूभाऊ स्वतःच इरफानच्या पाठोपाठ आमच्या दारात हजर. त्याच्या मशीनची पॅनेलं भुश्याच्या फळीची होती. पोरं वर सोडा सांडायची, फळी भिजून फुगायची, स्क्रू सुटायचे, आणि दांडा ऐन लढाईत हातात यायचा. "चाचा, तुमी लाकडातली माणसं. मला एक फळी करून द्या की चांगली," तो अब्बांना म्हणाला.

"आमी फळ्या करत न्हाई," अब्बा म्हणाले.

"मी करतो," इरफान म्हणाला. त्यानं नंदूभाऊचे ओठ वाचले होते. अब्बांनी त्याच्या खांद्याकडे बघितलं, मग नंदूभाऊकडे, आणि म्हणाले, "करू दे. जायच्या आधी तेवढाच विरंगुळा." मला ते 'जायच्या आधी' चांगलंच लागलं. मी म्हटलं, रंगकाम मी करीन.

आता इथं आमची चूक झाली, आणि ती आमच्या घरातलीच माणसं करू शकली असती. लाकूड निवडायची आम्हाला एकच रीत ठाऊक. बोटाच्या पेरानं ठोकायचं आणि ऐकायचं, लाकूड बोलतं का. नंदूभाऊनं सोबत प्लायचा एक तुकडा आणला होता. मी त्यावर ठोकलं, ठप्प. मेलेलं. मी ते इरफानकडे बघून नाक मुरडून बाजूला ठेवलं. मग कोपऱ्यातल्या तुनीच्या लाकडाच्या फळ्या काढल्या, तंबोऱ्याच्या तबलीसाठी, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसते त्या पातळ फळीसाठी, आणलेल्या, कुठं गाठ निघाली म्हणून बाद झालेल्या. मी ठोकत होते, कान लावत होते, आणि मान हलवून त्याला सांगत होते. तो फळीच्या दुसऱ्या टोकाला तळहात ठेवून उभा होता. एका फळीला मी मान हलवायच्या आधीच त्यानं मान हलवली. मी तेव्हा म्हटलं, पोरगं माझं तोंड वाचतंय.

फळी निवडली ती सगळ्यात जास्त बोलणारी. मग आम्ही तिला रंध्यानं पातळ केलं, कारण आमच्या घरात कुणी कुठली फळी जाड ठेवत नाही. खाली चौकट केली, आतून पोकळ. थोडक्यात आम्ही बटणं बसवायला एक तंबोराच केला. वर मी तबलीवर काढतात तशी वेल काढली, तांबडी फुलं, हिरवी पानं, कडेनं सोनेरी दोरा, आणि त्यावर चपडा लाखेचं पॉलिश. कापसाचा बोळा फिरवून फिरवून, एक हात सुकला की दुसरा. शेवटी त्या फळीत माझा चेहरा दिसत होता. अम्मी म्हणाली, "त्या पोट्ट्यांच्या गेमला एवढं कशाला?" पण ती दोनदा येऊन बघून गेली.

नंदूभाऊनं पॅनेल पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "आवं ताई, ही तर लग्नपत्रिका झाली." तरी बसवलं. ते मशीनला बसतंय का हे बघायला म्हणून मी दुपारच्या वेळी डोक्यावरून ओढणी घेऊन त्या दुकानात पहिल्यांदा पाय ठेवला. पहिल्या पोरानं बटण दाबलं आणि सगळ्या खोलीत ढुम्म असा आवाज झाला. त्यानं घाबरून हात काढला. मग दुसऱ्यानं दाबलं. मशीनचा स्पीकर नंदूभाऊनं पॅनेलच्या खालीच ठोकलेला, त्यामुळे विमानाचा आवाज, बॉम्बचा आवाज, मागचं ते टिंगटिंग संगीत सगळं त्या फळीत शिरून दुप्पट होऊन बाहेर येत होतं. पोरं खूश. शेजारचा चष्म्याचा दुकानदार तेवढा खूश नव्हता. आणि इरफान त्या मशीनला चिकटला तो चिकटलाच. असं तो कधी खेळला नव्हता. डोळे पडद्यावर आणि दोन्ही तळहात फळीवर सपाट. मधूनच बटण सोडून नुसते हात ठेवून उभा राहायचा आणि विमान पडलं तरी त्याला पर्वा नसायची. मी परत येताना बसमध्ये त्याला विचारलं, काय झालं? तो फक्त हसला. कान गेल्यापासून मी त्याला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

आठवडाभरात फजिती झाली. लाखेला घाम चालत नाही. तंबोऱ्याला गवई हात लावतो तो धुतलेला, हळूच, आणि एका ठरलेल्या जागी. इथं भर उन्हाळ्यात पोरं घामेजल्या तळव्यांनी रगडायची, वर सोडा सांडायची. पॉलिश आधी पांढरं पडलं, मग चिकट झालं, मग माझी तांबडी फुलं पोरांच्या तळहातावर उमटायला लागली. सांगलीतल्या आया विचारत आल्या की हे मेंदीसारखं काय आहे. चष्मेवाला वेगळाच भांडत होता. नंदूभाऊ पॅनेल काढून आमच्या अंगणात घेऊन आला, दाराला टेकवून ठेवलं, आणि हात जोडून म्हणाला, "ताई, लय सुंदर हाय. पर मला मुकं पायजे. गाणारं न्हाई."

दुसरं पॅनेल आम्ही शहाण्यासारखं केलं. सोहेलला मी हेच सांगणार आहे, म्हणून जरा बारकाईनं लिहिते. जाड प्लाय घेतला, तोच, ठप्प बोलणारा. तळहात टेकतो ती कड कानसीनं गोल केली, नाहीतर मनगटाला रुतते. चित्र वर काढायचं नाही, हे आता कळलं होतं. घामापासून वाचवायचं तर चित्र मध्ये हवं. म्हणून नंबरप्लेट करणाऱ्याकडून पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची शीट आणली आणि मी तिच्या पाठीमागून रंगवलं. यात सगळं उलटं करावं लागतं. जी रेघ आपण शेवटी ओढतो ती आधी ओढायची, डोळ्यातला ठिपका आधी, मग बुबुळ, मग डोळा, आणि मागची जमीन सगळ्यात शेवटी. वेलबुट्टी सोडली. निळी रात्र, त्यात विमान, आणि खाली काळे डोंगर, आमचा दंडोबाचा डोंगर तसा. शीट चकचकीत होती, दुकानातली ट्यूबलाइट तिच्यात पडून डोळ्यावर यायची, म्हणून बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजवून वरची बाजू हलकी मारली. मॅट झाली. भोकं पाडताना शीट तडकते. एक तडकलीच. मग आम्ही ती दोन फळ्यांच्या मध्ये दाबून धरली आणि इरफाननं हातड्रिल फिरवलं. ड्रिल आरपार निघायच्या अगदी आधी तो हात थांबवायचा. मला काही दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं, पण तो बरोबर थांबायचा. परत एकही शीट तडकली नाही. मी त्याचं कौतुक केलं आणि कामाला लागले. किती गोष्टी माणसाच्या डोळ्यासमोर घडतात आणि माणूस कामाला लागतो.

नंदूभाऊ खूश झाला. फळी मुकी, रंग पक्का, कड गोल. बाकीच्या मशीनांसाठीही त्यानं तसलीच पॅनेलं सांगितली. पण इरफान सांगलीला जाईना. मला वाटलं, कुंडलचे दिवस जवळ आले म्हणून. ट्रंक जवळजवळ भरली होती, वर फक्त त्याचा ईदचा सदरा ठेवायचा राहिला होता. मी त्याच्या समोर जाऊन, तोंड दाखवून विचारलं, "गेम खेळायला का जात न्हाईस रं?"

"ते मुकं हाय," तो म्हणाला.

मला वाटलं, नंदूभाऊचाच शब्द तो परत म्हणतोय. मी विचारलंसुद्धा नाही, की तुला कसं कळलं.

आता ती दुपार. अब्बा मागच्या खोलीत दार लावून बसले होते. एक मोठा तंबोरा आला होता, पुरुष गवयाचा, त्याची जवारी चालली होती. खोली इतकी अरुंद की भोपळा अंगणाकडच्या दाराला टेकवूनच बसावं लागे. बाहेरच्या अंगाला, त्याच दाराला, नंदूभाऊ टाकून गेलेलं आमचं पहिलं पॅनेल टेकलेलं होतं, पांढरं पडलेलं, वेल पुसलेली. मी अंगणात भोपळ्याच्या बिया काढत होते. अम्मी चुलीशी शेंगोळी वळत होती. इरफान जमिनीवर बसला होता, पाठ पॅनेलला लावून, एक हात मागे नेऊन तळवा फळीवर ठेवून. डोळे मिटलेले. मला वाटलं, पेंगतोय.

आतून जोडाच्या तारांचा आवाज येत होता. तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारा एका सुरात लावतात, त्यांना जोड म्हणतात. दोन्ही अगदी एक झाल्या नाहीत तर सूर डुलतो, जवळ आल्या की सावकाश डुलतो, आणि एक झाल्या की स्थिर होतो. अब्बा खुंटी पिळत होते, थांबत होते, छेडत होते. मग आवाज थांबला. त्यांना वाटलं असावं, जुळलं.

"जोड हालतीय अजून," इरफान म्हणाला.

डोळे न उघडता, त्याच्या त्या सपाट, मोठ्या आवाजात. मला आधी कळलंच नाही की तो काय म्हणाला. माझ्या हातातून बिया खाली पडल्या. अम्मीचा हात परातीत तसाच थांबला.  मग आत तारा परत छेडल्या गेल्या, आणि मी कान लावला, आणि खरंच, अगदी बारीक, अगदी सावकाश, सूर डुलत होता. अब्बांचंही वय होत चाललं होतं.

दार उघडलं. पॅनेल सरकलं तसा इरफान दचकून वळला. अब्बा त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि कान गेल्यापासून पहिल्यांदा त्यांनी त्याच्या तोंडाकडे बघून, ओठ नीट हलवून विचारलं, "काय म्हणालास?"

"जोड हालतीय."

"तुला कसं कळलं?"

इरफाननं त्या खराब झालेल्या फळीवर तळहात ठेवून दाखवला. मग सांगायला लागला, तुटक तुटक. की सांगलीत गेम खेळताना पहिल्यांदा कळलं. फळीत सगळं येतं. विमान येतं ते वेगळं, बॉम्ब वेगळा, गाणं चालू असतं ते वेगळं. दुसऱ्या फळीत काही येत नाही. आणि दुपारी हिथं बसलं की अब्बा आत काय करतात ते कळतं. खर्ज कळतो, जोड कळतो. पंचम फार बारीक येतो. "जवारीचं न्हाई कळत," तो म्हणाला. "ते गेलं." हे त्यानं अगदी साधेपणानं सांगितलं. रोज दुपारी दाराच्या त्या बाजूला बाप पोरापासून सूर लपवत होता आणि या बाजूला पोरगं पाठ लावून तो घेत होतं.

अब्बांनी तंबोरा बाहेर आणला. इरफानचा तळहात तबलीवर ठेवला, आणि त्याचं तोंड भिंतीकडे वळवलं, माझे किंवा त्यांचे डोळे वाचायला मिळू नयेत म्हणून. अब्बाच ते, खात्री केल्याशिवाय ईदच्या चंद्रावरही विश्वास ठेवत नसत. एक तार मुद्दाम उतरवली. छेडली. हळूहळू चढवत नेली. डुलणं मंद होत गेलं, आणखी मंद, आणि जिथं ते थांबलं तिथं इरफाननं दुसरा हात वर केला. मी ऐकत होते. तिथंच थांबलं होतं. अब्बांनी परत उतरवली. परत तेच. परत. एकदा त्यांनी फसवायला तार जुळवायच्या आधीच हात थांबवला. इरफाननं हात वर केला नाही. नुसती मान हलवली, न्हाई.

अब्बा रडले. मी त्यांना त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं, इरफान दवाखान्यात होता तेव्हाही नाही. ते बाहीनं तोंड पुसत होते आणि इरफान अजून भिंतीकडे बघत उभा होता, बापाची पुढची तार कधी येते त्याची वाट बघत.

मी काही चमत्काराची गोष्ट सांगत नाही. त्याचे कान आले नाहीत. जवारी त्याला आयुष्यात परत करता आली नाही, ती पुढं माझ्या चुलतभावानं केली, आणि ती होत असताना इरफान कधी कधी उठून बाहेर जायचा, हेही मी पाहिलेलं आहे. पण तबली किती पातळ करायची, कुठं अजून एक हात मारायचा आणि कुठं रंधा थांबवायचा, हे तो तळहातानं ठरवायचा, आणि त्याच्या हातच्या तबल्या शेवटपर्यंत लोक मागून न्यायचे. सोहेलला बाप आठवतो तो असाच, फळीवर हात ठेवून डोळे मिटलेला. त्याला वाटायचं, अब्बू दुवा मागतात. पहिलं पॅनेल माझ्याकडे आहे. त्याची भोकं तशीच आहेत, वेलीचं एक पान कोपऱ्यात उरलंय. सोहेल ईदला येईल तेव्हा मी ते त्याच्या हातात देणार आहे, आणि सांगणार आहे की तुझं पॅनेल प्लायचंच कर, चित्र शीटच्या आत घाल, मॅट ठेव, सगळं रीतसर कर. फक्त स्पीकरसाठी हे वापरता आलं तर बघ.

त्या दुपारी मग अब्बा कामाच्या खोलीत गेले आणि इरफानला हात धरून सोबत नेलं. त्यांनी एक कच्ची तबली त्याच्यासमोर ठेवली आणि त्याच्या हातात रंधा दिला. कुंडलचा विषय कुणी काढला नाही. कुणी म्हटलं नाही की आता जाऊ नकोस. बराच वेळ नुसता रंध्याचा आवाज येत होता, थांबत थांबत, आणि मधूनच अब्बांचा, ओठ हलवून हळूहळू बोलत असल्यासारखा.

अम्मीनं शेंगोळीचं पातेलं उतरवलं. हात धुतले. मग ती जिन्याच्या तोंडाशी गेली, ट्रंकेची कडी काढली, आणि इरफानचे कपडे एकेक करून बाहेर काढायला लागली. मी मदतीला गेले तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे, माझी मी काढते." सदरे झटकून तिनं खुंटीवर लावले. ट्रंक रिकामी झाली तशी तिनं ती आडवी करून आतला धुरळा दारात झटकला, पायरीवर बसली, आणि रिकाम्या ट्रंकेत तोंड घालून रडली.